मातीवरची साय

४ मार्च, सोमवार

सगळ्यांत आधी कोण टपकलं, तर जाऊबाई. बोलावलं नव्हतं, पण दारात गाड्या येणार म्हटल्यावर ती घरी कशाला बसेल. आल्या आल्या, "त्या काळ्या खपल्या कुठायत गं?" म्हटलं, पाय आवर, त्यावरच चढशील.

मग नात आली, मागून तिच्या संस्थेचे पाहुणे — एक ढेरपोटे साहेब, एक चष्मेवाली. नातीनं या उजाड माळावर साय धरवलीय. साय मीच म्हणते, जाऊबाई खपल्या; दुधावर धरते तशीच दिसते. बारीक शेवाळ असतं, ट्रेमध्ये वाढवायचं, चुरून पेरायचं, पाणी शिंपडायचं. मग तिथं कुणी पाय द्यायचा नाही, तेवढंच अवघड. साय धरली की माती उडत नाही. पूर्वी प्रत्येक घासाला कचकच यायची. आता कमी. पाहुण्यांना पटलं तर सगळा माळ राखणार आणि पोरगी माझ्याजवळ राहणार. नाहीतर तिची बदली.

मी नुसती फुलून गेलेले. तोंड थांबेना. माझ्या पायवाटेवरूनच सगळं दाखवलं. साहेब फोटो काढायला बगळ्यासारखे एका पायावर वाकले, तर जाऊबाई खुदखुदायला लागली.

चष्मेवालीनं विचारलं, "आजी, अजून धूळ येते ती कुठून?"

मी म्हटलं, या वाटेवरूनच की. दुकान, पाणी, शेजार — माझ्या फेऱ्या काय थोड्या? इथली माती उडते, बाजूच्या सायीवर बसते, ती पण मरते. नातीनं डोळ्यांनी दटावलं. मला वाटलं केस विस्कटलेत. ते सारखे केले आणि पुढं बोलत राहिले.

५ मार्च, मंगळवार

घसा बसलाय. बोलून बोलून.

११ मार्च, सोमवार

मंजूर झालं! सगळा माळ! नातीला जवळ घेतलं तर लाकडासारखी ताठ.

"आजी, फार बोललीस तू."

कुंपण माझ्या घराच्या पलीकडून जाणार, घर आत. वाट बंद करायची, म्हणजे वाटेच्या टोकाचं घरही रिकामं करायचं. घर संस्थेचंच. आमचे हे राखणदार होते म्हणून मिळालेलं.

"तू नाही म्हणाली नाहीस?"

"काय म्हणू? तू खरंच तर सांगितलंस."

पोरगी राहणार, मी जाणार. मागायला गेले एक.

१२ मार्च, मंगळवार

जाऊबाई येऊन गेली. "मागची खोली रिकामीच आहे हो आमची." जन्मात इतका गोड आवाज काढला नव्हता तिनं. नात म्हणते माझ्या खोलीवर चल. तिथं एक खाट, आणि खिडकी भिंतीकडे. म्हणाले, विचार करते. कसला विचार, कप्पाळ.

साय वाचवायला मीच सगळ्यांवर ओरडायची. आता मीच नको.

१५ मार्च, शुक्रवार

पिंपं भरली, डब्यांत पीठ भरलं. नातीनं सायीचे ट्रे आणून दिले. वाटेच्या पार त्या टोकापासून साय पेरत, पाणी शिंपडत, उलटी चालत दारापर्यंत आले. आता मी बाहेर पाय टाकणार नाही. मला न्यायचं तर संस्थेच्या माणसांना या सायीवरून चालत यावं लागेल.

सोमवारी येतो म्हणालेत.