घड्याळानं ऐकलेलं बेणं

न्हाय तात्या, काल तुमी फोन आपटलात तरी मी सांगणारच. मी विजयसिंहआबांना बेणं म्हणलेली न्हाय. मी बेण्याला बेणं म्हणलं. आन् "नाव संस्कृती ठिवलं आन् तोंड बघा पोरीचं" हे जे तुमी म्हणलात, ते तुमचा फोन स्पीकरवर असल्यामुळं निमगाव केतकीच्या निम्म्या पारानं ऐकलं, असं टेम्पोवाल्या झुंबरदादानं मला येऊन सांगितलं. म्हणून आज फोन न्हाय, कागद.

(नमस्कार राहिला. तीर्थरूप जोतीरामतात्यांना पुतणी संस्कृतीचा साष्टांग नमस्कार. गुडघा कसा हाय? कुशाकाकीला सांगा, शेंगदाण्याची चटणी दोन दिवसांत संपली, डबा धुऊन ठेवलाय. आता पुढं वाचा.)

आबांनी दवाखान्यातनं फोन करून तुमाला त्यांची बाजू सांगितली, आता माझी ऐका. आबांच्या ज्या ऊस रोपवाटिकेत तुमीच त्यांच्याकडं शब्द टाकून मला नोंदवही लिहायला चिकटवलं, तिथं सात बायका आन् मी असं काम करतो. (मी बायकांत का न्हाय, तर आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या आक्काबाईच्या मते बी.ए. झाल्यावर माणूस कशातच राहत न्हाय.) काम साधं. लागवडीचा ऊस म्हणजे बेणं (शिवीतलं बेणं वेगळं), त्याच्या कांडीवर जिथनं कोंब फुटतो तो डोळा. बायका डोळं काढत्यात, औषधात बुडवत्यात, ट्रेमध्ये लावत्यात. हे तुमाला काय सांगायचं, पण गेल्या चार दिवसांत मी हे इतक्यांदा समजावून सांगितलंय की आता कुणी नाव विचारलं तरी तोंडातनं आधी हेच येतंय.

समजावून सांगायची पाळी आली ती आबांच्या रणजितमुळं. पुण्याची नोकरी सोडून धंदा सुधरवायला आलाय. बेण्याला प्लांटिंग मटेरियल म्हणतो. पाडव्याला त्यानं शेडमध्ये एक मोठं गोल घड्याळ लावलं. आमाला बरं वाटलं, बायकांनाबी जेवायची वेळ असती हे मालकाच्या ध्यानात आलं म्हणायचं. आक्काबाईनं घड्याळाला हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला, सगळ्यांना खोबरं वाटलं. फक्त ते रोज वीस मिनिटं मागं पडायचं, मग आक्काबाई खाली उभी राहून त्याच्या कारखान्याचा आन् कारखान्याच्या आईबापाचा उद्धार करायची. (ते सगळं मन लावून ऐकत होतं, हे मागनं कळलं.)

मंगळवारी बारामतीत आबांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. नेमकी त्याच दिवशी निरवांगीहून जुनाट, किडक्या बेण्याची ट्रॉली आली. आक्काबाईनं एक कांडी चिरली आन् म्हणली, "म्हातारं बेणं हाय. आतनं तांबडं पडलंय. ह्याचं डोळं काढून काय उपेग? फेका बांधावर." त्यावर मी म्हणलं, आधी हे बेणं औषधात बुडवून बघू, न्हाय जगलं तर फेकू. एवढंच. आन् बुधवारी रणजितसाहेबानं सगळ्यांना हापिसात बोलावलं, लॅपटॉप उघडला आन् आमचाच आवाज आमाला ऐकवला. चेहरा असा, जणू बापाचा पंचनामा वाचतोय. म्हणला, माझे वडील तिकडं टेबलावर आडवे आन् तुमी हितं त्यांचे डोळे काढायच्या गोष्टी करता? झुंबरदादा ट्रे न्यायला आत आला होता, तो हसू दाबायला बाहेर जाऊन टेम्पोच्या चाकातली हवा बघत बसला. आमाला बसताबी येईना आन् हसताबी येईना.

मी बेणं, कांडी, डोळा सगळं सांगितलं. साहेब म्हणला, मला शिकवू नको. मग मी विचारलं, साहेब, हे तुमाला मिळालं कुठनं? त्याची नजर काचेतनं शेडमधल्या घड्याळाकडं गेली. मग आमच्या आठ जणींची गेली. आक्काबाईला बेण्याचं काय वाटलं न्हाय तात्या. तिनं एवढंच विचारलं, "रणजित, मग गेल्या गुरवारी जेवताना मी सुनंचं बोलले, ते पण ऐकलंस व्हय रं?" त्यानं लॅपटॉप मिटला.

सुनंचं काय, ते मी तुमालाबी लिहिणार न्हाय. आठ जणींत सांगितलेलं होतं. ज्या पोराला तिनं कडेवर घेऊन ह्याच शिवारात फिरवलं, त्यानं ते कानाला लावून ऐकलं. तेव्हापासनं ती शेडमध्ये बोलतच न्हाय. खुणा करती. बेणं पाहिजे असलं तर बोट दाखवती. आन् आता साहेबाचा हुकूम, सोमवारी दहाला आबा येतील तेव्हा तिनं माफीच्या कागदावर अंगठा द्यायचा, न्हायतर मंगळवारपासनं यायचं न्हाय. बारा वर्षं डोळं काढलेली बाई. (हे वाक्य साहेबापुढं म्हणू नका.)

साहेब म्हणतो, कंपन्यांत सगळीकडं असंच असतंय. मी म्हणलं, लावा की. कॅमेरा लावा, भोंगा लावा, पण पाटी लावून सांगा की हितं ऐकलं जातं. आमी कामावर वेळ विकलाय, जेवणातलं बोलणं न्हाय. कायदा काय म्हणतो ते मला पक्कं ठाऊक न्हाय. मोबाईलवर शोधलं तर एक म्हणतो चालतंय, दुसरा म्हणतो अजिबात चालत न्हाय, आन् तिसरा म्हणतो वकील गाठा आन् खाली स्वतःचाच नंबर देतो.

तर तात्या, माझा राग धरू नका. काकीला नमस्कार.

आपली,
संस्कृती

ता. क. सोमवारी दहाच्या आत या. तीस वर्षं तुमी इंदापूरच्या कोर्टाच्या दारात पुकारा केलात, वकिली येत नसली तरी आवाज हाय. घड्याळाखाली उभं राहून आबांना सगळ्यांदेखत विचारा की बेणं म्हणजे काय. येताना तुमच्या रानातली एक कांडी आणा, आबांच्या बऱ्या डोळ्याला दिसंल अशी जाड. आक्काबाईचा अंगठा तेवढा वाचला पायजे, आन् घड्याळ तिच्या हातानं खाली आलं पायजे. नारळ तिनं फोडलाय.

ता. क. दुसरा. एक कबूल करते. मी कथा लिहिते, त्यात माणसं खरी बोलावीत म्हणून मीबी वहीखाली मोबाईल रेकॉर्डिंगला चालू ठेवते. कुणाला न सांगता. आक्काबाईचं सुनंचं माझ्याकडंबी होतं. बुधवारी संध्याकाळी तिला सांगून तिच्यासमोर पुसलं. तिनं मला दोन सणसणीत शिव्या दिल्या. बुधवारपासनं शेडमध्ये ती बोलली ती तेवढीच.

ता. क. तिसरा. दिवाळीतलं एक रेकॉर्डिंग अजून पुसायचं राहिलंय. तुमच्या ओसरीवरचं. "विज्या पहिल्यापासनं बेणंच हाय." पुकाऱ्याचा आवाज हाय, कुणीबी ओळखंल. आन् तिथं ऊस नव्हता तात्या, करंज्या होत्या. पुसणार हाय, काळजी करू नका. फक्त कसं पुसायचं ते मला सोमवारी अकराच्या सुमाराला आठवंल. झुंबरदादानं टेम्पो चालू केलाय, कागद मागतोय. त्याच्याजवळ उत्तर देऊ नका, तो निमगावात थांबणार न्हाय. माझा मोबाईल बंद हाय. (व्हय, खरंच बंद.) निघाले.