कोंड्याची बिस्किटं

२ फेब्रुवारी १९९८, ताआल

आजही नाही! आईने ओठ मिटले ते मिटलेच. भाऊ विर्हिलियो कॅनडाहून दुधाच्या पावडरीचे डबे पाठवतो आणि फोनवर उपदेश करतो — तिकडे बसून काय जातंय त्याचं? डॉक्टर म्हणाले, रविवारपर्यंत खाल्लं नाही तर नाकातून नळी घालू. नळी! माझ्या आईला! जिने अख्ख्या गल्लीला जेवू घातलं तिला!

मला ती ओळखत नाही, त्याची आता सवय झालीय. झालीय म्हणे.

४ फेब्रुवारी

आठवीच्या वर्गात मारिया ओरोसांबद्दल बोलले. पोरांना एवढंच ठाऊक — केळ्याचं केचप काढणारी बाई. म्हटलं, बाळांनो, वीज नसलेल्या घरातही भाजता यावं म्हणून मडक्याची भट्टी काढली ती याच बाईने, आपल्या ताआलच्या. भाताच्या कोंड्याची बिस्किटंही तिचीच. महायुद्धात मनिलातल्या जपान्यांच्या छावणीतल्या उपाशी कैद्यांपर्यंत तिचं खाणं चोरून पोचायचं. शेवटी मनिलातच तोफगोळ्याचा तुकडा लागून गेली.

बोलता बोलता आठवलं. आमच्या परसात होती तशी भट्टी. खाली निखारे, झाकणावर निखारे, आई फुंकर मारतेय, आणि केळीचं पान करपल्याचा तो वास. किती वर्षं झाली तो वास घेऊन!

५ फेब्रुवारी

भट्टी सापडली! कोंबड्यांनी आत संसार थाटला होता. शेजारची तासिंग मावशी म्हणाली, घरात गॅस असताना हे काय खूळ? असू दे खूळ. गिरणीवाल्याकडून कोंडा आणला. डुकरं पाळलीत का, म्हणून विचारत होता मेला.

६ फेब्रुवारी

पहिली खेप कोळसा. झाकणावर निखारे जास्त झाले. दुसरी जमली.

आईच्या हातात एक बिस्किट दिलं. तिने वास घेतला. डोळे उघडले — खरे उघडले! पण खाल्लं नाही. रुमालात गुंडाळून पोलक्यात लपवलं. दुसरंही. तिसरंही. मी चिडले, नको ते बोलले, मग स्वयंपाकघरात जाऊन रडले.

७ फेब्रुवारी

कळलं!!

सकाळी पुन्हा बिस्किट पुढे केलं तर कानात कुजबुजली, "आतल्यांना मिळाल्याशिवाय आपण कसं गं खायचं?"

लढाईत आई मनिलात कामाला होती. छावणीच्या कुंपणातून बिस्किटं द्यायची. कितीदा सांगायची, आणि आम्ही भावंडं कंटाळून उठून जायचो.

मी बाहेर गेले. तिच्या खुर्चीजवळच्या खिडकीच्या गजांतून हात आत घातला. तिने इकडेतिकडे पाहिलं, पोलक्यातून पुरचुंडी काढून माझ्या हातात कोंबली. मी तिथेच उभ्याउभ्या सगळी खाल्ली. म्हटलं, "मिळालं हो सगळ्यांना."

तेव्हा कुठे तिने आपलं उचललं. दोन खाल्ली, वर दूधही प्यायली. कुंपणापलीकडे तासिंग मावशी कपडे वाळत घालायचं सोडून डोळे पुसत होती.

८ फेब्रुवारी, रविवार

नळी तूर्त नको, असं डॉक्टरांना कळवलं.

सकाळी पुन्हा गजांबाहेर उभी राहिले. आईने बिस्किट दिलं, माझा हात धरून ठेवला. "नाव काय गं तुझं?"

"विसितासियोन."

"छान आहे," ती म्हणाली. "मला मुलगी झाली ना, तर हेच ठेवीन."