आठवीच्या मुलींचा तास

चाकूर,
१९ ऑगस्ट २००७

ती. वैजनाथदादास,
धाकट्या वर्षाचा नमस्कार.

इकडे सगळे ठीक. लातुरात तुझ्या क्लासची बॅच भरून पोरं परत जायलीत, असं ऐकलं. बरं वाटलं.

आमच्या शाळेत मी आठवीच्या मुलींना वयात येण्याविषयी शिकवते, त्या तासाचा सरकारी निधी बंद झाला. पुस्तिका कपाटात गेल्या. निधी बंद करा म्हणून लातुरात पालकांनी निवेदन दिलं होतं, त्याची प्रत मुख्याध्यापक भुजंग सरांनी दाखवली. खाली तिसरी सही तुझी.

सर म्हणाले, "बाई, निधी न्हाई तर तास न्हाई."

मी म्हटलं, "पगार मी विज्ञानाचा घेते, सर. शरीर विज्ञानातच येतं."

तास चालू आहे. शुक्रवारी दानम्मा नावाची मुलगी वर्ग सुटल्यावर मागे थांबली. "बाई, मला लई मोठा आजार झाला असं वाटायलं होतं. चार महिने कुनाला बोलले न्हाई."

दादा, पुढचं लिहू नये असं वाटत होतं. पण लिहिते.

भूकंपात आई गेली. आबा पाय मोडून सोलापूरला दवाखान्यात, आणि पत्र्याच्या शेडमध्ये आपण दोघंच. मी बारा वर्षांची. वीसेक दिवसांनी परकरावर रक्त दिसलं. भिंत अंगावर पडली तेव्हा आत काही फुटलं, आता मीही मरणार, असं मला वाटलं. तुलाही तसंच वाटलं. तू सतरा वर्षांचा, अकरावी सायन्सला. मला पाठीवर घेऊन तू लष्कराच्या तंबूपर्यंत रडत पळालास. "माय गेली, हिला तरी वाचवा," म्हणालास.

नर्सबाईंनी दोघांनाही बसवून समजावलं. चौदा वर्षं झाली, त्या दिवसाबद्दल आपण दोघंही कधी बोललो नाही.

मला त्या दिवसाची लाज वाटत नाही. तुला वाटते, म्हणूनच ती सही झाली असेल. आपल्याला कुणी आधी सांगितलं असतं, तर त्या दिवशी आपण फक्त आईसाठी रडलो असतो.

येत्या शुक्रवारी पालकांना बोलावलंय. हा प्रसंग मी त्यांना सांगणार आहे. तुझं नाव घेणार नाही. घ्यावंसं वाटलं तर तू येऊन घे. परवानगी मागत नाही, आधी कळवते इतकंच.

तुझीच, आणि या एका गोष्टीत तुझ्याविरुद्ध उभी,
वर्षाराणी