भिंगरीला घर, तुम्हा दोघांना नुसती सही

मी, खाली सही करणारी, या गल्लीतली लाँड्रीवाली, सत्तरी केव्हाच ओलांडलेली, तिसरी पास (चौथीत बसले होते, पण उठून आले), हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्या मर्जीने लिहिते आहे. डोकं शाबूत आहे. कोणाचा दाब नाही, धाक नाही, कोणी काही पाजलेलं नाही. चहा प्यायले, तोही मीच केलेला. गुडघे सोडले तर तब्येत ठणठणीत. वकील म्हणाले, "आजी, मुद्द्याचंच लिहा." मुद्द्याचंच लिहिते. पण मुद्द्यापर्यंत चालत जावं लागतं, आणि गुडघ्यांचं वर सांगितलंच आहे.

कलम १. मला एक मुलगा. त्याला एक बायको होती. दोघांनी आधी घरात भांडून, मग कोर्टात भांडून काडीमोड घेतला. कागदोपत्री ती आता माझी सून नाही. मला मात्र तसा कागद कोणी दिलेला नाही, तेव्हा खाली जिथे 'सून' लिहिलंय तिथे सूनच वाचावं. त्यांची मुलगी ती माझी नात, भिंगरी. हे नाव तिला चालायला लागली तेव्हाच पडलं; दोन घरांत गरगरायला लागली ती नंतर. एक आठवडा आईकडे, एक बापाकडे. अदलाबदल शनिवारी माझ्या पुढच्या खोलीत, कारण दोघांनाही एकमेकांची पायरी चढायची नाही.

कलम २. ही अदलाबदल कशी चालायची तेही नोंदवून ठेवते. मुलगा सोफ्याच्या या टोकाला, सून त्या टोकाला, मध्ये पोर, दप्तर मांडीवर घेऊन.

"भिंगरे, आईला विचार, मोजे का नाही पाठवले."

"भिंगरी, बाबांना सांग, मोजे त्यांच्याच दोरीवर वाळतायत."

चार कान, चारही धडधाकट, मध्ये दोन हातांचं अंतर. तरी निरोप पोरीमार्फत! एकदा पोरीने निरोपच बदलला. म्हणाली, "आई, बाबा म्हणतात तुझा ड्रेस छान आहे." बापाचं तोंड बघण्यासारखं झालं, आईचं त्याहून. मी पोट धरून हसले. पुढच्या शनिवारपासून पोरीने पोट धरलं, दुखतंय म्हणून. तेव्हा उमगलं, ती गंमत करत नव्हती. आग विझवत होती.

कलम ३. कोर्टाने एक समुपदेशक बाई नेमून दिल्या. त्यांच्या खोलीत गालिचा, कापसाचा हत्ती आणि रडणाऱ्यांसाठी कागदी रुमालांचं खोकं. मी नाक मुरडलं होतं. पण बाई बोलल्या ते लाखमोलाचं. मोठ्यांचे निरोप मोठ्यांनीच द्यावेत. पोरीसमोर दुसऱ्याला नावं ठेवू नयेत. तिला कोणाची बाजू घ्यायला लावू नये. दोघांनी माना डोलावल्या. जिन्यात सून म्हणाली, "मी इतके दिवस हेच सांगत होते." मुलगा म्हणाला, "तू? मी सांगत होतो!" आणि भांडू नये हे आधी कोण म्हणालं, यावर ते फाटकापर्यंत भांडले. बाईंचा तो गालिचा माझ्यामागे एकदा फुकट धुऊन द्यावा. त्याला गरज आहे.

कलम ४. बाईंनी सांगितलं ते करून घ्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. आमच्याकडे लॉजच्या मोठ्या चादरी येतात. त्यांची घडी एकट्याने होत नाही. मी शनिवारी आल्या आल्या दोघांच्या हातात टोकं द्यायला लागले. पोर माझ्याबरोबर आत. तुमचं जे काय असेल ते चादर धरून बोला. गठ्ठा संपला की बोलणं संपलं. तावातावात टोक सुटून चादर जमिनीला लागली, तर सोडणाऱ्याने पुन्हा धुवायची. सुरुवातीला माझ्या चिरंजीवांनी इतकं धुतलं की लॉजवाल्याने विचारलं, "आजी, साबण बदलला का?"

मग एका शनिवारी पुढच्या खोलीतलं आम्हाला आत ऐकू आलं.

"सहलीला पाठवायचं का हिला?"

"तुला काय वाटतं?"

"मी तुला विचारतोय ना!"

"ओरडू नकोस. टोक धर."

शर्टाला बटण लावता लावता भिंगरी थांबली. कानात कुजबुजली, "आजी, ते माझ्याशिवाय बोलतायत!" पोटदुखी गेली म्हणत नाही. कमी झाली.

कलम ५. लाँड्री, यंत्र आणि सगळ्या इस्त्र्या माझ्या इस्त्रीवाल्या बाईला. तिचं तोंड तिखट, पण घडी सरळ. बँकेत असेल ते भिंगरीच्या शिक्षणाला. माझी धाकटी जाऊ काडीमोडाच्या वेळी म्हणाली होती, "दुनियेचे मळके कपडे धुणाऱ्यांच्या घरात दुसरं काय होणार?" तिला मी तिच्याच चादरीवरचा, मला न निघालेला डाग ठेवते. तो कशाचा, हे तिला माहीत आहे. मलाही.

कलम ६. मागे मी दवाखान्यात पडून होते, तेव्हाची अदलाबदल रस्त्याच्या कोपऱ्यावर झाली. दोन गाड्या, दोन्हींच्या काचा बंद. पोर एकीतून उतरली, दुसरीत बसली. मला भेटायला आली तेव्हा विचारते, "आजी, तू मेलीस की मला कोपऱ्यावरच देणार का?"

मी म्हटलं, "बघते."

तर हे बघणं. सगळं घर भिंगरीचं. ती सज्ञान होईपर्यंत मागच्या खोलीत इस्त्रीवाली राहील, किल्ली तिच्याकडे, कारभारही तिच्याकडे. पुढची खोली शनिवारी मोकळी. पोर तिथेच द्यायची, तिथेच घ्यायची, दोघांनी पायातलं काढून, आत येऊन. लॉजच्या चादरी येत राहतील.

कलम ७. मुलाला काही नाही. सुनेला काही नाही. मनगटी घड्याळ त्याला आणि बांगड्या तिला द्यायचं मनात होतं, पण वकील म्हणाले, "ज्याला यात काही मिळतं, त्याला साक्षीदार करू नका."

"आणि ज्याला काहीच मिळत नाही त्याला?"

"त्याला चालतं."

मी आनंदाने त्यांच्या टेबलावर अशी थाप मारली की दौत लवंडली. घड्याळ आणि बांगड्या भिंगरीला.

तेव्हा बाळांनो, साक्षीदार तुम्ही दोघं. वकील म्हणतात, वेगवेगळं येऊन सही केली तरी चालेल. मला चालणार नाही. एका टेबलाशी, एका वेळी, माझ्या डोळ्यांदेखत. तुम्ही दोघंही संशयी, वाचल्याशिवाय सही करणार नाही, म्हणजे एवढं सगळं वाचलंत. उद्या यातलं कोणाला पटलं नाही आणि म्हातारीचं डोकं फिरलं होतं असं म्हणावंसं वाटलं, तर आधी कोर्टात आपलीच सही खोटी म्हणावी लागेल. एकाने म्हणून भागणार नाही, दुसऱ्याची सही उरतेच; म्हणायचं तर दोघांनी मिळून. तेवढं एकमत झालं तर मी वरून टाळ्या वाजवीन.

सह्या झाल्या की भिंगरीला आतून हाक मारा. कोणी मारायची, हे तिला विचारू नका.

स्थळ : माझी पुढची खोली
तारीख : येता शनिवार, अदलाबदलीच्या वेळी

लिहून देणार : लाँड्रीवाली (सही वाकडी आहे, पण माझीच आहे)

साक्षीदार, शेजारी शेजारी, पहिला-दुसरा असा नंबर नाही :

भिंगरीचे बाबा ............ भिंगरीची आई ............