मादामचे चेस्टनट मी उन्हात घातले

२० सप्टेंबर १९८६, शनि. कॅरी, अमेरिका.
शेजारच्या मादामचे गुडघे अखेर संपावर गेले. चेस्टनट पडायला लागलेत आणि तिला वाकता येत नाही. म्हणून सकाळी सातला टोपली घेऊन मीच तिच्या आवारात. झाडं चार, तिच्या नवऱ्याने लावलेली. तो अमेरिकन सैनिक, दुसऱ्या महायुद्धानंतर हिला फ्रान्सहून लग्न करून आणलं. तो जाऊन सहा वर्षं झाली. झाडं चिनी जातीची, म्हणून ही दरवर्षी नाक मुरडते आणि दरवर्षी वेचतेही.

तिचा नियम: झाड हलवायचं नाही, काठी मारायची नाही. आपणहून पडेल तेवढंच आपलं. काटेरी बोंड बुटाने दाबायचं, आतली तपकिरी फळं काढून घ्यायची. खुर्चीत बसून हुकूम सोडत होती. हातमोजे विसरले होते, बोटं सोलून निघाली.

२१ सप्टें., रवि.
मा.च्या मुलाचा, पॉलचा, अटलांटाहून फोन आला होता. तिच्या फ्रान्समधल्या डोंगरातल्या गावी वेचणी संपली की सगळे अंगणात जमायचे, भोकांच्या तव्यावर चेस्टनट भाजायचे, नवी वाईन, गाणी. इथेही ती दरवर्षी शेजाऱ्यांना बोलावते. यंदा ५ ऑक्टो. पॉल म्हणाला, येतो, तू कसं निभावतेस ते बघतो, मग घराचं ठरवू. म्हणजे घर विकून हिला त्याच्याकडे नेणार. हिला जायचं नाही. मला म्हणाली, "परीक्षा माझी आहे, पण पेपर तू लिहिणार आहेस." हसले.

२४ सप्टें., बुध.
दोन टोपल्या झाल्या. मा. म्हणाली, तुझ्याकडेच ठेव, गार जागी, बुरशी लागता कामा नये. बुरशीबद्दल मला कोणी सांगायला नको, लॅबमध्ये दिवसभर तेच करते. बुरशी नको तर पाणी काढा. शेडच्या पत्र्यावर जुनी चादर अंथरली आणि सगळे पसरले. ऊन झकास. विलास म्हणाला, तिला विचारलंस का? म्हटलं, वाळवणातलं मला तू शिकवू नकोस. नवऱ्याला गप्प बसवण्याचं सुख काही वेगळंच.

२८ सप्टें., रवि.
वेचणी जवळजवळ संपली. लेक रूपा खारींना हाकलायला बसली होती. अकरा वर्षांची झाली, तिला सगळंच "सो वीअर्ड" वाटतं. विचारत होती, तुझी आई काय वाळवायची? म्हटलं, मिरच्या.

मिरच्या नव्हेत. मोहाची फुलं. चैत्रात पहाटे आईबरोबर रानात जायचं, खाली पडलेली फुलं वेचायची, अंगणात घालायची. भंडाऱ्याकडे आमच्या वस्तीत सगळेच वेचायचे. पीक बुडालं त्या वर्षी तीच उकडून खाल्ली, किती महिने ते आठवत नाही. नागपूरच्या हॉस्टेलमध्ये एकदा सहज बोलून गेले, तर पोरी म्हणाल्या, म्हणजे तुम्ही दारू गाळता? त्यानंतर मोहाचं नाव काढलं नाही. विलासला माहीत आहे. लेकीला मात्र मिरच्या.

४ ऑक्टो., शनि.
घात झाला.
दुपारी टोपल्या घेऊन मा.कडे गेले. उद्या भाजण्याआधी प्रत्येक फळाला सुरीने फुली मारून ठेवायची, नाहीतर तव्यावर फुटतात. पहिल्याच फळावरून तिची सुरी घसरली. दुसऱ्यावरूनही. तिने एक कानाशी नेऊन हलवलं, आत खुळखुळ वाजलं. मग माझ्याकडे बघितलं.
"कुठे ठेवले होतेस?"
सांगितलं. उन्हात. दहा दिवस.
भाजायचे चेस्टनट ओलसर राहावे लागतात म्हणे, बटाट्यासारखे. मी त्यांचे खडे केले. झाडाखाली आता काही उरलेलं नाही, असतील ते हरणांनी खाल्ले. पॉल संध्याकाळी पोचणार, उद्या वीस माणसं. एवढी शिकलेली मी, पण एका शब्दाने विचारलं नाही. रडायला आलं. तिने सुरी खाली ठेवली. ओरडली असती तर बरं झालं असतं.
मग म्हणाली, "पोतं आहे का तुझ्याकडे?"
बासमतीचं होतं. त्यात सगळे भरून ओंडक्यावर आपटायचे, म्हणजे सालं सुटतात. विलास आणि रूपाने तासभर आपटले. सालं पाखडून काढायची होती. सूप नव्हतं, मी ट्रेवर पाखडलं. मा. टक लावून बघत होती. मग आतले पांढरे दाणे मोठ्या पातेल्यात भिजत घातले. कशासाठी, ते सांगेना.

५ ऑक्टो., रवि.
सकाळी आठला मदतीला गेले. पॉल बाहेर खुर्च्या मांडत होता. आत मा. टेबलाशी बसल्या बसल्या झोपलेली. पातेलं खाली उतरवलेलं, आणि विजेच्या शेगडीची कॉइल तापून लाल. शेजारचं फडकं एका कडेने करपलं होतं. मी कॉइल बंद केली, फडकं कचऱ्यात टाकलं. तिला उठवलं. कोणाला बोलले नाही.

भाजणं झालंच नाही. अंगणात सगळ्यांच्या हातात वाटी: चेस्टनट, कांदा, दूध, मीठ. दाट, गोडसर, थोडं उकडलेल्या रताळ्यासारखं. लोकांनी दुसऱ्यांदा घेतलं. पॉलने विचारलं, आई, हे तू आधी कधीच का नाही केलंस?
ती म्हणाली, "सोळा वर्षांची होईपर्यंत मी हिवाळाभर हेच खाल्लं. सकाळी हे, रात्री हे. धुरावर वाळवलेले. पिठाला पैसे नसायचे. जहाजात बसताना ठरवलं होतं, हे पुन्हा कधी शिजवणार नाही." मग वाटीकडे बघून, "चांगलं झालंय."
भाजणं सणाचं होतं, हे रोजचं. सण तेवढा तिने अमेरिकेत आणला होता.

काय झालं कोण जाणे, मी तिथेच मोहाचं सांगून टाकलं. तोडक्यामोडक्या इंग्रजीत, सगळ्यांदेखत. वेचणं, अंगण, उकडून खाणं, हॉस्टेल. कोणी हसलं नाही. रूपा एवढंच म्हणाली, "यू टोल्ड मी चिलीज." लाज वाटली, आणि हलकंही वाटलं.

६ ऑक्टो., सोम.
निघण्याआधी पॉल आमच्याकडे आला. माणूस वाईट नाही, आईला भितो. म्हणाला, काल तिला इतकी खूश बघितली, आता घर विकायचं माझ्या जिवावर येतंय. तुम्ही रोज बघता, सायन्सवाल्या आहात, तुम्ही सांगाल ते मी मानेन. ती एकटी राहू शकते का? लगेच नको, विचार करा, पुढच्या मंगळवारी फोन करतो.
करपलेलं फडकं माझ्या डोळ्यांसमोर. म्हटलं, बरं.

९ ऑक्टो., गुरु.
विलासशी बोलले. तो म्हणतो, खरं सांग, उद्या घर पेटलं तर? बरोबर आहे त्याचं. पण मग ती तिथे अटलांटात फ्लॅटमध्ये, खिडकीतून पार्किंग बघत.
आईचं असंच झालं. भावाने लिहिलं होतं, ती गावात एकटी आहे, नागपूरला आणू का? मी इथून एका ओळीत "हो, आण" कळवलं. काळजीपोटीच. आठ महिन्यांत गेली. गेली असती तशीही, म्हणतात सगळे. पण तिला कोणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

१२ ऑक्टो., रवि.
मा.कडे गेले होते. झाडाखालची रिकामी बोंडं गोळा करायला लावली. पुढच्या वर्षी पोतं मजबूत आण म्हणाली. कॉइलचं बोलायला तोंड उघडलं, आणि चहात काय घालतेस असं काहीतरी विचारून परत आले.

१३ ऑक्टो., सोम.
उद्या पॉलचा फोन. ठरवलंय, कामावर जायच्या आधी तिच्याकडे जायचं आणि फडक्याचं आधी तिलाच सांगायचं. पॉलला काय सांगायचं ते मग तिच्या तोंडून ऐकायचं. या वेळी विचारल्याशिवाय काही करायचं नाही.
पण ती म्हणाली, सांगू नकोस, तर?