खोक्यातली चप्पल

प्रिय आई,

माणसानं म्हातारपणासाठी नेमकं किती थांबायचं? तुला शिकवायला निघालेल्या मला याचं उत्तर येत नाही.

पाच वर्षांपूर्वी तुझ्या लॉन्ड्रीतल्या सगळ्याजणी समुद्र बघायला निघाल्या होत्या. तू नवी चप्पलही घेतली होतीस. मी, घरातली पहिली पदवीधर, कागदावर आलेख काढून म्हणाले, "हेच पैसे पेन्शनमध्ये टाक. साठीनंतर ऐटीत जाशील." तू म्हणालीस, "एवढी शिकलीस, खोटं कशाला सांगशील?" आणि सहलीतून नाव काढून घेतलंस.

त्याच वर्षी, ऑफिसच्या प्रशिक्षणाला जाते असं सांगून मी मैत्रिणींबरोबर समुद्रावर गेले. माझ्या बॅगेतली वाळू तूच झटकलीस. मग बॅग कपाटात ठेवून दिलीस.

परवा घरी आले तेव्हा ती चप्पल अजून खोक्यातच होती. इस्त्रीपुढे उभं राहून तुझे पाय सुजले होते. मी म्हटलं, "साठी झाली, आता तरी पेन्शनचे पैसे खर्च कर." तू म्हणालीस, "वेडे, ते म्हातारपणासाठी आहेत. अजून म्हातारपण कुठे आलंय?"

प्रशिक्षणाचं खोटं मी तुला वाळूत बसून, तोंडानं सांगेन. म्हणून हे पत्र माझ्यापाशीच राहील. समुद्रावर जाणाऱ्या बसची दोन तिकिटं काढली आहेत. ती परत होत नाहीत, हे खिडकीवर दोनदा विचारून घेतलं, कारण फुकट गेलेलं तुला चालत नाही. पाकिटात फक्त तिकिटं घातली आणि आज सकाळी पोस्टात टाकली.

तुझी,
शिकलेली लेक