बाहुली मोठी करणे

३ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मी सुखरूप पोचले. आठ दिवस तुझ्याकडून लाड करून घेतल्याची शिक्षा म्हणून वैद्यकीय शब्दकोशाची 'प' अक्षराची तपासायची मुद्रितं टेबलावर वाट पाहत होती.

तुझ्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला होता. मुलांची नजर खिळवायला तू शिवून दिलेली बाहुली अजून त्यांच्या फळीवर आहे म्हणाल्या. मग मुद्द्यावर आल्या. मोतीबिंदू वाढलाय, आता टाळाटाळ नको. बाहुली मोठी केल्याशिवाय त्यांना पुढची तपासणी करता येत नाही; गेल्या खेपेस तू घाईने निघून आलीस, म्हणून ते राहिलं. अर्ध्या तासाचं काम आहे, दुखत नाही. गुरुवारी जाच. सुई ओवायला शेजारणीला हाका मारतेस, हे कळलंय मला.

लोभ आहेच, रागही थोडा आहे.
तुझी,
बबडी

१२ मार्च

चि. बबडीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र खिडकीशी धरून भिंगाखाली वाचलं. गुरुवारी गेले नाही. बाहुली तयार नव्हती, मग जाऊन काय करू? अर्ध्या तासात बाहुली मोठी होते असं त्यांना कोणी सांगितलं? आणि दुखत नाही म्हणे. माझ्या बोटांची चाळणी झालीय. पण त्यांचंही खरंच आहे; फळीवरची ती वीतभर बाहुली मला खुर्चीतून काय दिसणार, कप्पाळ. म्हणून चांगली हातभर शिवायला घेतलीय. तिचा एक डोळा कपाळाकडे गेलाय असं शेजारीण म्हणते. मला दोन्ही सारखेच दिसतात.

खरं सांगू? गुरुवार टळला म्हणून मला बरंच वाटलं. डोळ्याला कोणी हात लावणार म्हटलं की मी आधीच डोळे घट्ट मिटून घेते. काही चुकलं आणि आहे तेवढंही दिसेनासं झालं, तर मी दिवसभर करू काय?

वेळेवर जेव. लोभ पातळ होऊ देऊ नये.
तुझी,
आत्या

१६ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून इतकी हसले की आमचे संपादक उठून आले. आत्या, डोळ्यातली बाहुली गं! बुबुळाच्या मधला काळा ठिपका. औषधाचे थेंब घातले की तो मोठा होतो. चूक माझीच. दिवसभर लोकांच्या चुका काढते, आणि बाहुल्या शिवणाऱ्या बाईला असं मोघम लिहिते.

नेमका आज 'प्युपिल' हाच शब्द हाती आला. इंग्रजीत ही बाहुली म्हणजे प्युपिल; मूळ लॅटिन 'पुपिला', अर्थ छोटी बाहुली. दुसऱ्याच्या डोळ्यात जवळून पाहिलं की आपलीच इवलीशी छबी दिसते, म्हणून. म्हणजे आपल्याला सुचलं तेच त्यांनाही सुचलं. त्याच शब्दाचा तिकडे आणखी एक अर्थ होता: दुसऱ्याच्या हाती सोपवलेली पोरकी मुलगी. ती ओळ तपासताना माझी पेन्सिल थांबली. चार वर्षांची मी, आईबाबा नुकतेच गेलेले, आणि तुझ्या शिवणयंत्राखाली चिंध्या गोळा करत बसलेले, तेवढं एक आठवलं.

२१ तारखेला रजा काढून येतेय. ऑपरेशन होईपर्यंत तुझा हात सोडणार नाही. भीती वाटली तर मला चिमटे काढ. हातभर बाहुलीही घेऊन जाऊ.

लोभ भेटीत वसूल करीन.
तुझी,
बबडी

६ मे

चि. बबडीस,
अ. उ. आ.

नवा चष्मा परवा आला. पहिल्या फटक्यात सुई ओवली. मग दोरा काढून उगाच पुन्हा ओवली. त्या बाहुलीचा डोळा खरोखरच कपाळात आहे गं! दुरुस्तीला मागितली तर डॉक्टरीणबाई देईनात. मुलं तिला पाहून हसतात म्हणे.

पट्टी काढली तेव्हा तू समोर वाकली होतीस. मला तुझ्या डोळ्यात छबीबिबी काही दिसली नाही, मी तुझं तोंडच पाहत राहिले. कानामागे पांढरे केस आलेत तुझ्या. दोन वर्षं मी तुझा चेहरा नुसत्या आठवणीने पाहत होते आणि तुला कळू दिलं नव्हतं. तेव्हा सगळ्यांसमोर बोलता आलं नाही, म्हणून आज लिहितेय.

आता एक काम कर. शब्दकोश छापायला गेला नसेल, तर त्या 'पोरकी' शब्दावर काट मार. जिला पदरात घेणारं कोणी होतं, ती पोरकी कशी? संपादक आधार मागतील. त्यांना सांग, मी होते.

लोभाचं तुला वेगळं काय लिहू.
तुझी,
आत्या